पिंपळगाव राजाचं बंदर

पिंपळगाव राजाहून समुद्र किती लांब आहे हे गावात कोणी मोजलेलं नव्हतं, कारण मोजायची वेळच कोणावर आली नव्हती. उकंडराव गुरुजींनी मात्र मोजलं. शाळेतून निवृत्त होताना मागून आणलेला जुना नकाशा त्यांनी ओसरीवर पसरला, त्यावर सुतळी लावली, आणि सरळ रेषेत अडीचशे मैल भरले तेव्हा नकाशाची हळूच घडी घातली. समुद्रासाठी लिहिलेल्या एका पुस्तकाच्या भरवशावर आपण दसऱ्याला गळाने मासा धरून दाखवू, असं ते चारचौघांत बोलून बसले होते.

बोलून बसले ते जावयामुळे.

जावई भगवानराव मूळचे धाड गावचे. धाडच्या बाजारातल्या गुरांच्या हौदापेक्षा खोल पाणी त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण तीन वर्षांपूर्वी ते कोकणातल्या एका बंदरावर कारकून म्हणून लागले आणि तेव्हापासून त्यांच्या अंगात समुद्र आला. वैशाखात गुरुजींच्या पुतणीचं लग्न होतं. पंगतीत भगवानराव सांगत होते, "ऑफिस सुटलं का आमी बंदराच्या भिंतीवर. गळ टाकला का मासा. पावसाळा सरला म्हंजे तं मासा सोताच इचारते, साहेब, येऊ काय?"

पंगत हसली. गुरुजी हळूच म्हणाले, "पाणी फिरते त्या वक्ताले मासा जास्त लागते, असं वाचलं होतं मी."

एवढंच. तेही त्यांनी पत्रावळीकडे पाहून म्हटलं होतं. पण भगवानरावांनी मान वर केली आणि म्हणाले, "मामाजी, तुमी पुस्तकातला मासा खा. आमी पान्यातला खातो."

या खेपेला पंगत जास्त हसली. शेजारचे किसनराव तर इतके हसले की त्यांच्या हातातला मठ्ठा गुरुजींच्या धोतरावर सांडला.

गुरुजींना धोतराचं काही वाटलं नाही. बोलणं लागलं, आणि लागलं ते खरं होतं म्हणून. त्यांनी मधमाशा पाळण्याचं पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि मधमाशी दिसली की ते घरात जात. पोहण्याचं पुस्तक त्यांनी खाटेवर बसून वाचलं होतं. सापाविषयी त्यांना इतकं ठाऊक होतं की एकदा अंगणात धामण निघाली तेव्हा ती बिनविषारी आहे हे त्यांनी सर्वांना समजावून सांगितलं, पण स्टुलावर उभं राहून. चाळीस वर्षं पोरांना 'वाचाल तर कराल' असं सांगितलेला हा माणूस वाचून एकही गोष्ट करू शकला नव्हता. आता साठी उलटली होती.

आणि अशा वेळी भित्र्या माणसाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

"दसऱ्याले या, जावईबापू. मी धरलेला मासा खाल्ल्याबिगर जाऊ देनार नाही."

आवाज इतका लहान होता की गुरुजी त्यातून सुटलेही असते. पण किसनरावांनी ते वाक्य सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा बेताने पुन्हा म्हणून दाखवलं.

पुस्तक वाचनालयाच्या पेटीत सापडलं होतं. कोण्या जमान्यातल्या इंग्रज साहेबाचं असावं. वाळवीने कव्हर आणि पहिली अकरा पानं खाल्ली होती, त्यामुळे ते सुरू व्हायचं तेव्हा माणूस बंदराच्या भिंतीवर उभाच असायचा. तो तिथे कसा पोचला हे कळायला मार्ग नव्हता. पण पुढे काय करायचं ते स्पष्ट होतं. गुरुजींनी एका वहीत मराठीत नियम उतरवून काढले. गळ्याला लोकरी मफलर असावा. भिंतीवर एकट्याने जाऊ नये. मासे जमावेत म्हणून आदल्या दिवशी भिंतीखाली चारा टाकावा. पाणी फिरू लागलं की गळ टाकावा. गळाला जिवंत गांडूळ लावावं. भिंत उंच असेल तर मासा दोरीने वर ओढू नये, खाली जाळं सोडावं.

भिंत होती. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागेच गावापासून दोन मैलांवर सरकारने नवा तलाव बांधला होता, आणि तलावात रोहू माशाचं बी सोडलं होतं. भिंतीवर दगडी चौकी होती आणि चौकीत कडूबा नावाचा चौकीदार.

"कडूबा," गुरुजींनी वही उघडून विचारलं, "तलावाचं पानी कधी फिरते?"

"कायले फिरीन? तलाव हाय तो."

"समुद्रात चंद्रामुळे पानी वर-खाली होते, म्हणून इचारलं."

कडूबाने थोडा विचार केला. "हितं चंद्राचं काही चालत नाही, गुरुजी. मी दरवाजा उघडला का पानी खाली. हितला चंद्र मीच समजा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी आठले उघडतो."

गुरुजींनी वहीत लिहून घेतलं: चंद्र – कडूबा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता.

तेवढ्यात कडूबाने बोटाने पाटी दाखवली. परवान्याशिवाय मासे धरण्यास मनाई आहे. "अन् मी कोनाले सोडत नाही," तो म्हणाला. "मांग आमच्या साळ्याचा गळ जप्त केला. तवापासून बायको बोलत नाही."

परवान्यासाठी तालुक्याच्या गावी एका कचेरीत जावं लागे. कोणती ते लिहून कोणाचं भलं होणार नाही. नवं राज्य झालं तेव्हा कोणीतरी सोयीसाठी साऱ्या जिल्ह्यांना एकच अर्ज छापून पाठवला होता, आणि छापणारा बहुधा किनाऱ्यावर राहणारा होता. नौकेचे नाव. खलाशांची संख्या. नजीकचे बंदर. वादळात आश्रय कोठे घेणार. पोहता येत असल्याचा दाखला.

गुरुजी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. तेवढा धीरच झाला नव्हता. त्यांनी सगळीकडे 'नाही' लिहिलं.

"नाही चालत नाही," कारकून म्हणाला. "रकाना भरला पाहिजे."

"पन नौकाच नाही तं..."

"गुरुजी, मी तुमाले नौका मांगून राह्यलो काय? नाव मांगून राह्यलो."

दुसऱ्या खेपेला गुरुजींनी नौकेला बायकोचं नाव दिलं, 'गोजर'. जन्मभर ज्या आधाराने तरलो तो हाच, असं त्यांनी मनाचं समाधान केलं. बंदर – पिंपळगाव राजा. वादळात आश्रय – कडूबाची चौकी. खलाशी – एक.

"दोनाच्या खाली खलाशी चालत नाहीत," कारकून म्हणाला.

पुस्तकही एकट्याने जाऊ नये असंच म्हणत होतं, म्हणून गुरुजींनी 'दोन' केलं. दुसरा कोण, हे अर्जात विचारलं नव्हतं. राहिला पोहण्याचा दाखला. तो पोलीस पाटलांनी दिला: 'सदर इसम बालपणी गावविहिरीत पडला होता व आजतागायत जिवंत आहे.' चौथ्या खेपेला परवाना मिळाला. त्यावर गोल शिक्का होता आणि शिक्क्यात नांगर होता. औताचा नव्हे, जहाजाचा.

घरी गोजरबाईंनी तो वाचून घेतला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माह्या नावाचं जहाज झालं कागदावर, अन् मले माहेरी जायाले साधी बैलाची दमनी नाही."

आता बातमी गावभर झाली होती आणि सल्ले येऊ लागले होते. पिंपळगावात मासा धरलेली माणसं थोडी, पण मत नसलेला एकही नव्हता. कोणी म्हणे गळाला गूळ लावा, कोणी म्हणे हिंग. किसनरावांनी तर स्वतः येऊन बांबू निवडला, आणि तो दाराबाहेर नेता येईना तेव्हा खिडकीतून काढला. खिडकीतून निघालेल्या बांबूचं दुसरं टोक सोजराबाईंच्या तुळशीला लागलं. सोजराबाई समोरच राहत. त्यांनी गुरुजींना काही म्हटलं नाही. तुळशीची माफी मागत राहिल्या, ती गुरुजींना ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

गांडुळांचा प्रश्न गुरुजींनी भाद्रपदातच सोडवला होता. गांडूळ काळ्या मातीत, ओलसर आणि सावलीत ठेवावं, असं पुस्तक म्हणे. त्यांनी मळ्यातून निवडक शंभरेक गांडुळं आणली, टोपलीत चाळलेल्या काळ्या मातीत घातली आणि टोपली देवघराच्या मागे ठेवली. रोज सकाळी अंघोळ करून ते तिच्यावर पाणी शिंपडत. इतकी नेमाने त्यांनी आजवर कशाचीच सेवा केली नव्हती.

घटस्थापनेच्या दिवशी ते वाचनालयातून परत आले तर टोपली जागेवर नव्हती. ती देवघरात, देवीसमोर होती. मातीत गहू पेरलेले होते, मधे घट, घटावर नारळ, बाजूला अखंड दिवा.

"मी म्हटलं, यांच्या ध्यानात राह्यलं," गोजरबाई आनंदाने म्हणाल्या. "यवढ्या वर्सांत पयल्यांदा घटाची माती तुमी चाळून, भिजवून ठेवली! सोजराबाईलेबी सांगितलं मी."

गुरुजींनी तोंड उघडलं. मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

नऊ दिवस त्यांनी जे सोसलं ते पुस्तकात कुठेच नव्हतं. बसलेला घट हलवता येत नाही, आणि घट बसला असताना घरात नवी गांडुळं आणायची तर कोणत्या तोंडाने काय सांगायचं? ते रोज देवीसमोर बसत आणि मातीकडे बघत. देवी आपल्याकडे बघते आहे असं त्यांना वाटे. चौथ्या दिवशी गहू वीतभर झाले. सहाव्या दिवशी हातभर. घटाचं धन म्हणतात ते कोवळं पीक गल्लीतल्या कोणत्याही घरात चार बोटांच्या वर नव्हतं, आणि इथे नारळ दिसेनासा झाला. गांडुळं जिथे असतात तिथे पीक तरारून येतं, हे गुरुजींनी वाचलेलं होतं. गल्लीतल्या बायकांनी वाचलेलं नव्हतं. त्या हळदीकुंकू घेऊन दर्शनाला आल्या.

"गोजरबाईची भक्ती हाय, माय," सोजराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "अन् गुरुजी तं पाहा, उठतच नाहीत देवीम्होरून."

दसऱ्याच्या दुपारी भगवानराव गुरुजींच्या लेकीला, कोकिळेला, घेऊन एसटीतून उतरले. त्यांच्या हातात पितळी चकतीचा, मुंबईहून मागवलेला गळ होता. त्यांनी गुरुजींचा बांबू पाहिला आणि विचारलं, "मामाजी, हे मांडवासाठी काय?"

संध्याकाळी घट शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, बायका तलावावर निघाल्या. आधी सगळ्यांनी गोजरबाईंच्या धनाचे तुरे मागून घेतले. पुरुषांनी ते टोप्यांत, पागोट्यांत खोवले. इतक्या भाग्याच्या घटाबरोबर आपलाही घट शिरवावा म्हणून गल्लीतले सतराच्या सतरा घट भिंतीच्या पायऱ्यांवरून एकाच जागी गेले. गोजरबाई टोपली उचलणार, तर गुरुजी वाकून मातीत बोटं घालताना दिसले.

"अहो! काय करून राह्यले देवीच्या मातीत?"

आता इलाज नव्हता. गुरुजींनी मूठ उघडली. तळहातावर तीन गुबगुबीत गांडुळं होती. त्यांनी सगळं सांगून टाकलं, टोपलीपासून नवव्या दिवसापर्यंत. "आता तूच सांग," ते म्हणाले. "उद्या मासा नाही धरला तरी चालते. मी जावईबापूले सांगतो का मले जमलं नाही. तशीबी मले कोनती गोष्ट जमली आजलोक?"

गोजरबाईंनी मागे वळून पाहिलं. सोजराबाई दहा पावलांवर होत्या. गोजरबाईंनी पदराच्या टोकात ती तीन गांडुळं घेतली, वर गाठ मारली आणि म्हणाल्या, "यवढे दिवस देवीनं पोसले त्याईले. वाया जाऊ देता काय? अन् हे कोनाले सांगसान तं पाहा." मग त्यांनी टोपली पाण्यात रिती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर निम्मं गाव होतं. अश्विनातलं ऊन आठ वाजताच चटके देत होतं आणि उकंडराव गुरुजी गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून उभे होते.

"मामाजी, सर्दी झाली काय?" भगवानरावांनी विचारलं. पोरं खिदळली. गुरुजींच्या कानातून घाम गळत होता, पण नियम तो नियम.

भगवानरावांनी पितळी चकती कर्रकन फिरवून गळ लांब, तलावाच्या मध्यात फेकला. लोक वाहवा म्हणाले. गुरुजींनी बांबू उचलला, मागे नेला, डोळे मिटले आणि पुढे झटकला. दोरी पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तर गळाला किसनरावांचं पागोटं होतं, धनाच्या तुऱ्यासकट.

"पयला मासा लागला!" कोणीतरी ओरडलं. किसनराव उघड्या डोक्याने इतके वेगळे दिसत होते की त्यांच्या नातवाने त्यांना ओळखलं नाही. गुरुजींना वाटलं, आता इथूनच घरी जावं. पागोटं सोडवताना पहिलं गांडूळ गेलं. दुसरं त्यांच्या बोटांतून निसटलं. शेवटचं गोजरबाईंनी स्वतः गळाला लावून दिलं, आणि ते करताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या.

कडूबाने चौकीतून हाक दिली, "आठ वाजले, गुरुजी! चंद्र उगवते आता!"

लोखंडी चाक करकरलं. दरवाजा वर गेला आणि भिंतीखालचं पाणी हळूहळू फिरू लागलं. गुरुजींनी या खेपेला गळ फेकला नाही. नुसता भिंतीलगत सोडला, जिथे काल सतरा घट गेले होते. तिथे कोवळे गहू अजून तरंगत होते, आणि त्यांच्याखाली काहीतरी काळसर हलत होतं.

बांबू वाकला.

इतका वाकला की लोकांचं हसणं अर्ध्यात राहिलं. दोरी गुरुजींच्या तळहातात रुतली. त्यांना पान सव्वीस आठवलं. त्यांनी गळ्यातला मफलर ओढून हाताला गुंडाळला आणि दोरी धरली. त्या क्षणी मफलर कशाला हे सबंध पिंपळगाव राजाला एकदम कळलं.

"ओढा! ओढा वर!" किसनराव ओरडले.

"वढू नका, दोरी तुटीन!" भगवानराव ओरडले.

"चुप बसा सगळे!" उकंडराव गुरुजी ओरडले.

चाळीस वर्षांच्या नोकरीत ते ओरडले नव्हते. वर्ग शांत झाला, म्हणजे भिंत शांत झाली. मासा डावीकडे गेला की गुरुजी दोरी सोडत, थांबला की घेत. "किसनराव, तुमचं पागोटं सोडा. पुरं सोडा. कडूबा, खालच्या पायरीवर जाय." बावीस हात पागोटं भिंतीवरून खाली गेलं, कडूबाने त्याची झोळी केली, आणि त्या झोळीतून एक रोहू वर आला. लांबी कडूबाच्या हातभर आणि वर चार बोटं. किसनराव म्हणाले पाच शेर. भिंतीवरून गावात पोचेपर्यंत तो नऊ शेर झाला होता.

भगवानरावांनी आपली रिकामी दोरी चकतीवर गुंडाळून घेतली. मग म्हणाले, "मामाजी, नशीब लागते."

गुरुजी उत्तर देणार, तोच कडूबा ओला होऊन पायऱ्या चढून आला. "गुरुजी, तुमी मोठे मानूस, पन मले परवाना पाहा लागते. साळ्यालेबी सोडलं नव्हतं."

गुरुजींनी बंडीच्या खिशातून परवान्याची घडी काढली. कडूबाला वाचता येत नव्हतं. त्याने तो कागद तिथे जो सरकारी दिसला त्याच्या हातात दिला. भगवानरावांनी तो मोठ्याने वाचला, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "नौका गोजर... बंदर पिंपळगाव राजा... खलाशी दोन..." शिक्क्यावरचा नांगर त्यांनी बोट लावून पाहिला. बंदरावर नोकरी करून असा कागद त्यांनी स्वतःच्या नावाचा कधी काढलेला नव्हता.

"ठीक हाय," कडूबा म्हणाला. "अन् साहेब, तुमचा?"

"मी... मी बंदरावर असतो."

"ते असान. परवाना?"

भगवानरावांची मान खाली गेली. भिंतीवरची सारी माणसं त्यांच्याकडे पाहत होती. वैशाखात पंगतीत गुरुजींकडे पाहिलं होतं, अगदी तशीच. कडूबाने पितळी चकतीच्या गळाला हात घातला. गुरुजींना वाटलं होतं की असा क्षण आला तर फार गोड लागेल. पण जावयाच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या त्यांनी पाहिल्या, आणि लाल कान कसे लागतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"ठेव, कडूबा," ते म्हणाले. "वाचलं नाही काय त्याईनं? खलाशी दोन. एक मी. दुसरे हे."

कडूबाने कपाळावर आठ्या घालून विचार केला, कागदाकडे पाहिलं आणि गळ सोडला. भगवानरावांनी वर पाहिलं. मग धोतराचा काचा मारला, मासा खांद्यावर घेतला आणि सासऱ्याच्या मागे दोन पावलं ठेवून गावात चालत आले. वाटेत कोणी विचारलं की ते स्वतःच सांगत, "मामाजीनं धरला."

दुपारी रोहूचं कालवण सोजराबाईंपर्यंत गेलं. भगवानरावांनी तीनदा वाढून घेतलं. "गोजरबाईच्या हाताले देवीचं देनं हाय," सोजराबाई म्हणाल्या. गोजरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गुरुजी ताटात पाहत होते, पण हसत होते.

महिनाभराने कोकणातून पोस्टकार्ड आलं. 'ती. मामाजींस शिरसाष्टांग. इकडे पंधरा दिवसांत गळाला काही लागले नाही. तरी आपल्या पुस्तकात याविषयी काय लिहिले आहे ते कृपा करून कळवावे.'

गुरुजींनी ते कार्ड तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने, किसनरावांच्या भिंतीशी उभं राहून वाचलं. मग ओसरीवर बसून, टाक पुसून, वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं: 'आधी परवाना काढावा. नौकेचे नाव विचारतील, तेथे कोकिळा असे लिहावे. खलाशी दोन लिहावेत. दुसरा मी आहे.'